१० लिटरच्या केसमधली शिट्टी: कूलर बदलावा, पंखे बदलावेत की केसच?

डबा_लहान

माझ्या कॉम्प्युटरची मांडणी अशी आहे: १० लिटरचा सँडविच केस, म्हणजे एका बाजूला मिनी-आयटीएक्स (छोट्या आकाराचा) मदरबोर्ड, दुसऱ्या बाजूला रायझर केबलवर (कार्ड बोर्डापासून लांब जोडणाऱ्या पट्टीवर) ग्राफिक्स कार्ड. कूलरसाठी जागा ५५ मिमी. प्रोसेसर (सीपीयू) रायझन ७ ७७००एक्स. कूलर ४७ मिमी उंचीचा, त्यात हीटसिंक ३२ मिमी आणि ९२ मिमीचा १५ मिमी जाड पंखा. कार्ड आरटीएक्स ४०७०, दोन स्लॉटचं, दोन पंख्यांचं. पॉवर सप्लाय ७५० वॉटचा एसएफएक्स, म्हणजे छोट्या आकाराचा. वरच्या बाजूला १२० मिमीचे दोन स्लिम पंखे, दोन्ही हवा बाहेर फेकणारे, त्यांच्यावर धूळजाळी. दोन्ही बाजूंचे पॅनल छिद्रांचे.

तक्रारी तीन:

१. नुसतं ब्राउझर उघडलं तरी सीपीयूचा पंखा एकदम चढतो आणि पाच सेकंदांत उतरतो. दिवसभर हेच.
२. गेम चालू असताना सीपीयू ८६ अंश, पंखा २६०० आरपीएमच्या वर आणि बारीक शिट्टी. कार्ड ७३ अंश.
३. मध्येच एक लाटेसारखी घुंऽऽ-घुंऽऽ येते. कुठून, ते कळत नाही.

खोलीचं तापमान २८ अंश धरा. कूलर बदलावा, पंखे बदलावेत की केसच मोठा घ्यावा? बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) अजून काहीही बदललेलं नाही.

---

पंखापुराण

सध्या काहीच विकत घेऊ नका. तिन्ही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत आणि त्यातल्या दोन फुकटात सुटतात.

आधी आवाज कुणाचा ते ठरवा. फॅन कंट्रोल नावाचं सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं, लिनक्सवर कूलरकंट्रोल आहे. सगळे पंखे मॅन्युअलवर घ्या आणि मशीन निवांत असताना एकेक पंखा ३० टक्क्यांपासून १०० पर्यंत पाच-पाच टक्क्यांनी चढवा. बाकीचे तेवढा वेळ किमान वेगावर. कोणता पंखा कोणत्या टप्प्यावर गुणगुणतो, कुठे केसचा पत्रा थरथरतो, ते कागदावर लिहा. जवळजवळ प्रत्येक पंख्याचा एखादा टप्पा वाईट निघतो. कर्व्ह, म्हणजे कोणत्या तापमानाला पंखा किती वेगाने फिरावा याचा आलेख, आखताना त्या टप्प्यावर थांबायचंच नाही, उडी मारून पुढे जायचं.

मोबाइलवरचं फ्रीक्वेन्सी दाखवणारं अ‍ॅपही कामाला येतं. पंख्याचा मूळ सूर म्हणजे आरपीएम भागिले ६०, गुणिले पात्यांची संख्या. सात पात्यांचा पंखा २७०० वर असेल तर ३१५ हर्ट्झ. अ‍ॅपमध्ये टोक तिथे दिसलं तर पंखा. काही हजार हर्ट्झवर दिसलं आणि फ्रेमरेटबरोबर बदललं तर ती कार्डाची कॉइल, म्हणजे त्याच्या वीजपुरवठ्यातलं तारेचं वेटोळं. तिला पंखे बदलून काही होत नाही, फ्रेमरेटला मर्यादा घालावी लागते. गेमच्या मेनूत फ्रेमरेट कित्येक शेकड्यांत गेला की कॉइल सगळ्यात जास्त किंचाळते.

तुमची तिसरी तक्रार बहुतेक वरच्या जोडीची आहे. दोन सारखे पंखे जवळपास सारख्या वेगाने फिरले की त्यांच्या सुरांत ठोके पडतात. एक १२०० वर, दुसरा १२२० वर, पाती नऊ: फरक सेकंदाला तीन ठोक्यांचा. तीच तुमची घुंऽऽ-घुंऽऽ. एकाचा वेग दुसऱ्यापेक्षा ८ ते १० टक्के कमी ठेवा, लाट विरून जाईल. दोन्ही एकाच स्प्लिटरवर (एका जोडणीतून दोन पंखे चालवणाऱ्या वायरवर) असतील तर हे जमणार नाही, त्यांना वेगवेगळे हेडर (बोर्डावरच्या पंखा जोडायच्या पिना) द्यावे लागतील.

पहिली तक्रार रायझनच्या सेन्सरची आहे. एखादा कोअर क्षणभर बूस्ट झाला, म्हणजे त्याचा वेग वाढला, की तापमान दहा-पंधरा अंशांनी उडी मारतं आणि लगेच खाली येतं. तेवढ्यात हीटसिंक गरमसुद्धा झालेला नसतो, त्यामुळे पंख्याची ती धावपळ निव्वळ वाया जाते. फॅन कंट्रोलमध्ये सीपीयूच्या तापमानाचा १० सेकंदांच्या सरासरीचा सेन्सर बनवा, कर्व्ह त्याच्यावर लावा आणि हिस्टेरिसिस (तापमान किती बदलल्यावर पंख्याने वेग बदलावा तो फरक) ४-५ अंश ठेवा. बायोसमधूनच करायचं असेल तर 'स्टेप अप' आणि 'स्टेप डाउन' वेळेची सोय आहे का बघा, जितकी लांब मिळेल तितकी घ्या.

कर्व्ह साधारण असा: ६५ अंशांपर्यंत सपाट ३५ टक्के, ८० ला ५५, ८८ ला ७०, ९५ ला १००. पहिला भाग सपाटच हवा, तिरका नको. आवाज सतत असला तर कान त्याला सरावतो, चढउतारांना सरावत नाही.

आणि ८६ अंश बघून घाबरू नका. या पिढीच्या प्रोसेसरची मर्यादा ९५ आहे.

---

वॉटमोजणी

पंखापुराण यांचं बरोबर आहे, पण मुळाशी उष्णता आहे. तिच्यापासून सुरुवात केली तर पुढचं अर्धं काम उरत नाही.

हिशेब सोपा आहे. केसमधून दर तासाला किती घनमीटर हवा जायला हवी? वॉट गुणिले ३, भागिले आतल्या-बाहेरच्या हवेतला फरक. ३०० वॉट आणि १० अंश फरक धरला तर ९० घनमीटर. १२० मिमीचा चांगला स्लिम पंखा मोकळ्या हवेत पूर्ण वेगाने साधारण तेवढी हवा ढकलतो. पण जाळी, वायरी आणि कार्डाच्या पंखांआडून ओढताना त्यातली निम्मी मिळाली तरी नशीब समजा. वॉट कमी केले की लागणारी हवा त्याच प्रमाणात घटते. आणि आवाज वेगाच्या पाचव्या घाताने वाढतो, म्हणून वेग २० टक्के उतरला तर सुमारे ५ डेसिबल कमी, निम्मा झाला तर १५.

प्रोसेसर. ७७००एक्स कारखान्यातून १०५ वॉटचा येतो, प्रत्यक्षात सॉकेटमधून १४२ वॉटपर्यंत ओढतो. ४७ मिमीच्या कूलरला हे झेपत नाही. बायोसमध्ये प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्हमध्ये जाऊन इको मोड (कमी विजेवर चालवणारी सेटिंग) ६५ वॉट निवडा. तो पर्याय नसेल तर मर्यादा हाताने भरा: पीपीटी (एकूण वीज) ८८ वॉट, टीडीसी (सततचा विद्युतप्रवाह) ७५ अँपिअर, ईडीसी (क्षणिक कमाल प्रवाह) १५० अँपिअर. काही बोर्डांत हे आकडे मिलिवॉट आणि मिलिअँपिअरमध्ये भरायचे असतात, तिथे ८८०००, ७५०००, १५०००० लिहा. तिथे नुसतं ८८ लिहिलं तर मशीन रांगायला लागेल. गेममध्ये प्रोसेसर मुळातच पूर्ण वॉट ओढत नाही, त्यामुळे फ्रेमरेटवर फरक नगण्य पडतो. सगळे कोअर तासभर घासणाऱ्या कामात, म्हणजे रेंडरिंग वगैरेत, थोडा जाणवेल.

त्यानंतर कर्व्ह ऑप्टिमायझर, म्हणजे कोअरचं व्होल्टेज कमी करणारी बायोसमधली सोय, सगळ्या कोअरना उणे १५ पासून. इथे फसगत होते ती अशी: लोक तासभर जड चाचणी चालवतात, पास झाली म्हणून उणे ३० करतात आणि दोन दिवसांनी मशीन रिकामं बसलेलं असताना रीस्टार्ट होतं. कमी व्होल्टेजचा खरा कस हलक्या, एका कोअरच्या कामात लागतो, कारण तेव्हा क्लॉक सगळ्यात वर असतो. म्हणून एकेका कोअरवर फिरणारी चाचणी लावा, कोअरसायकलर त्याच कामाचं आहे. रात्रभर चालू द्या. ज्या कोअरवर चूक येईल त्या एकट्याला पाचने वर आणा.

कार्ड. ४०७० ची मर्यादा २०० वॉट आहे. सगळ्यात सोपं म्हणजे आफ्टरबर्नर या कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ८० टक्के, झाले १६० वॉट. याहून बरं अंडरव्होल्ट, म्हणजे व्होल्टेज उतरवणं: कंट्रोल-एफ दाबून व्होल्टेज आणि क्लॉकचा कर्व्ह उघडा, ९५० मिलिव्होल्टचा बिंदू २६०० मेगाहर्ट्झच्या आसपास न्या, उजवीकडचे सगळे बिंदू त्याच पातळीला सपाट करून लागू करा. गेम मध्येच बंद पडायला लागला तर ३०-३० मेगाहर्ट्झने खाली या. प्रत्येक चिप वेगळी असते, दुसऱ्याचे आकडे डोळे झाकून उतरवू नका.

दोन्ही मिळून जड कामात शंभरेक वॉट कमी होतील. एवढा फरक कुठलाही पंखा बदलून मिळत नाही.

---

मिमी_मिमी

वॉटचं ठीक आहे, पण शिट्टीचं कारण मला पत्र्यात दिसतंय. ५५ मधून ४७ गेले की पॅनल आणि पंखा यांच्यात ८ मिमी उरतात. ही फट वाईट आहे. पंखा बाहेरची हवा ओढण्याऐवजी हीटसिंकमधून निघालेली गरम हवा बाजूने परत ओढतो, म्हणजे स्वतःचाच उच्छ्वास पुन्हा घेतो.

चाचणी सोपी आहे. गेम किंवा लोड चालू ठेवून सीपीयूच्या बाजूचं पॅनल काढा, पंखा ६० टक्क्यांवर बांधून ठेवा, दहा मिनिटांनी तापमान बघा. दोन-तीन अंशच उतरलं तर कूलर त्याच्या मर्यादेला आलाय. आठ-दहा अंश उतरलं तर दोष पॅनलचा आणि फटीचा. मग कूलर बदलून पैसे वाया घालवू नका. पॅनल काढल्यावर शिट्टीही गेली तर ती छिद्रांची आहे.

छिद्रं मोजाच. २ मिमीची गोल छिद्रं ४ मिमी अंतरावर तिरक्या ओळींत असतील तर उघडी जागा जेमतेम २३ टक्के. ३ मिमीचे षटकोन आणि मध्ये १ मिमी पत्रा असेल तर ५६ टक्के. लांबून दोन्ही पॅनल सारखीच 'जाळीदार' दिसतात, हवेला मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

---

डबा_लहान

करून पाहिलं. इको मोड ६५ वॉट, पंखा ६० टक्के, गेम चालू. पॅनल लावून ७९ अंश, काढून ६८. शिट्टी पॅनल काढल्यावर खूपच कमी, पण पूर्ण गेली नाही. कार्डाच्या बाजूचं पॅनल काढलं तर कार्ड फक्त ३ अंशांनी उतरलं. लाटेचा आवाज वरच्या पंख्यांचाच होता, एक १० टक्के खाली घेतल्यावर गेला. छिद्रं मोजली, ३ मिमीचे षटकोन आहेत.

आता कूलरला २५ मिमी जाड पंखा लावावा का? आणि कार्डाचं कव्हर काढून मोठे पंखे लावतात त्याबद्दल वाचलंय, ते करण्यासारखं आहे का?

---

मिमी_मिमी

११ अंश, म्हणजे फटच. जाळी चांगली आहे, डक्ट करा, म्हणजे पंखा आणि पॅनल यांच्यातली फट बाजूने बंद करा.

२५ मिमीचा पंखा बसणार नाही: ३२ अधिक २५ म्हणजे ५७, जागा ५५. 'पॅनल थोडं फुगेल, चालेल' हा विचार मनातही आणू नका, तो दाब थेट कूलरमधून सॉकेटवर जातो.

डक्टसाठी मऊ ईव्हीए (रबरासारख्या प्लास्टिकचा) फोम, १० मिमी जाड. बाहेरून १०५ मिमीचा चौरस, आत ९० मिमीचं गोल भोक. १० मिमीचा फोम दबून ८ चा होतो आणि कडा बंद करतो. टणक फोम नको, दबत नाही आणि पुन्हा तेच, दाब सॉकेटवर. पॅकिंगचा भुसभुशीत फोमही नको, काही महिन्यांत त्याचा चुरा पंख्यात जातो.

दुहेरी टेपने तो पंख्याच्या चौकटीला चिकटवा. पॅनलला चिकटवला तर पॅनल सरकवून बसवताना कड घडी पडून पात्यात शिरते. तुमचं पॅनल सरळ दाबून बसणारं असेल तर कुठेही चिकटवा. चिकटवल्यावर पंखा हाताने फिरवून बघा, फोमचा एक धागासुद्धा पात्याला लागता कामा नये. पंखा हवा हीटसिंककडे ढकलतोय ना, तेही चौकटीवरच्या बाणावरून एकदा खात्री करून घ्या.

राहिलेली शिट्टी पंख्याच्या वेगाची आहे. डक्टनंतर वेग १८००-२००० वर आला की तीही बसेल. २७०० वरून १८०० म्हणजे जवळपास ९ डेसिबल कमी.

एक गोष्ट मात्र डक्टने सुटत नाही: बोर्डाच्या मागच्या बाजूला एम-डॉट-टू एसएसडी असेल तर तिला हवा अजिबात मिळत नाही, आधीही मिळत नव्हती. एसएसडी आणि मागचा पत्रा यांच्यात थर्मल पॅड दाबून बसवा. जाडी अंदाजाने घेऊ नका. मातीचा नाहीतर कणकेचा छोटा गोळा मध्ये ठेवून पत्रा लावा, काढा आणि दबलेला गोळा मोजा.

---

पंखापुराण

वरच्या पंख्यांवरची धूळजाळी काढून टाका. ते हवा बाहेर फेकतायत, त्यांना गाळणी कशाला? स्लिम पंख्यांचा दाब मुळातच कमी असतो, बारीक नायलॉनची जाळी त्यांचा अर्धा जीव खाते. धूळजाळी ठेवायची ती आत ओढणाऱ्या बाजूला, आणि महिन्या-दोन महिन्यांनी धुवायची.

हे पंखे सीपीयूच्या तापमानावर लावू नका, कार्डाच्या तापमानावर लावा. केसमध्ये जास्त उष्णता कार्ड टाकतं आणि त्याचं तापमान हळू बदलतं, त्यामुळे पंखेही सावकाश चढतात. ६० अंशांपर्यंत ३० टक्के, ७५ ला ६० टक्के, बस्स.

आत ध्वनिशोषक फोमच्या चादरी लावायचा विचार कुणी सुचवला तर ऐकून सोडून द्या. १० लिटरच्या केसमध्ये प्रत्येक बाजूला हवेची वाट आहे. फोम लावला की वाट बंद, तापमान वर, पंखे वर, आवाज आधीपेक्षा जास्त.

---

वॉटमोजणी

कार्डाचं कव्हर काढण्याबद्दल माझं मत: तुमच्या बाबतीत नको. पॅनल काढून ३ अंशच उतरले, म्हणजे कार्डाला हवा मिळतेय. आधी १६० वॉटवर आणून त्याचा कर्व्ह आफ्टरबर्नरमधून खाली घ्या. ७३ ऐवजी ७६ झालं तर काही बिघडत नाही. हॉटस्पॉटवर (चिपच्या सगळ्यात गरम जागेच्या तापमानावर) लक्ष ठेवा. तो मुख्य तापमानापेक्षा २५ अंशांहून जास्त वर असेल तर पंखा दोषी नाही, चिप आणि हीटसिंक यांच्यामधली पेस्ट किंवा हीटसिंकची बसवण दोषी आहे.

---

मिमी_मिमी

मी याच्याशी पूर्ण सहमत नाही. कार्डाचे मूळ पंखे छोटे आणि पातळ असतात. त्यांच्या बेअरिंगचा खरखराट कमी वेगावरही ऐकू येतो, तो कर्व्हने जात नाही. तसा आवाज असेल तर कव्हर काढणं हा एकमेव पक्का उपाय आहे. वॉरंटी जाऊ शकते हे गृहीत धरूनच करा. करायचं झालं तर हे बघा:

कव्हर उतरल्यावर हीटसिंकपासून पॅनलपर्यंत किमान १६-१७ मिमी हवेत, तेव्हाच १२० बाय १५ चे दोन पंखे पॅनलला न घासता बसतात. दोन पंख्यांची लांबी २४० मिमी, हीटसिंक त्याहून आखूड असेल तर बाहेर येणारा भाग हवा वाया घालवतो, तो पट्टीने बंद करा. पंखे झिप-टायने पुरेसे घट्ट बसतात, चौकट आणि हीटसिंक यांच्यात कोपऱ्यांवर रबराचा तुकडा ठेवा.

कार्डावरचा पंख्याचा कनेक्टर नेहमीच्या चार पिनांपेक्षा बारीक असतो, त्यासाठी अ‍ॅडॉप्टर केबल मिळते. पिनांचा क्रम आपल्या कार्डाशी जुळतोय का ते आधी तपासा, चूक झाली तर कार्डाचा फॅन कंट्रोलर जळतो. दुसरा मार्ग बोर्डाच्या हेडरवर जोडायचा आणि फॅन कंट्रोलमध्ये कार्डाच्या तापमानावर चालवायचा. यात एक मेख आहे: सॉफ्टवेअर सुरू होईपर्यंत किंवा ते बंद केलं तर तो हेडर बायोसच्या, म्हणजे सीपीयूच्या तापमानावर चालतो. म्हणून बायोसमध्ये त्या हेडरचा किमान वेग ४० टक्के ठेवाच. हेडरची क्षमता साधारण १ अँपिअर असते, असे दोन पंखे त्यावर आरामात चालतात.

---

डबा_लहान

कार्डाचा खरखराट नाहीये, म्हणून ते राहू देतो. शेवटचे दोन प्रश्न. पॉवर सप्लायचा पंखा गेमच्या मध्ये अधूनमधून चालू-बंद होतो, तो 'टिक-फुर्र' आवाज त्रास देतो. आणि वायरी फार लांब आहेत, बोर्डाच्या पॉवरचा सगळा गुच्छ कूलरच्या अंगावर येतो. दुसऱ्या कंपनीच्या आखूड वायरी पडून आहेत, त्या लावू का?

---

पंखापुराण

वायरी: अजिबात नको. मॉड्युलर (वायरी काढता-घालता येणाऱ्या) सप्लायच्या वायरी लागतात त्या बाजूची पिनरचना कंपनीगणिक, काही वेळा एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही, वेगळी असते. कनेक्टर बरोबर बसतो आणि तरी १२ व्होल्ट भलतीकडे जातात. बोर्ड आणि एसएसडी एका सेकंदात जळतात. आखूड वायरी तुमच्या नेमक्या मॉडेलसाठी बनवलेल्याच घ्या. तोपर्यंत गुच्छ कूलरजवळून हलवून पॉवर सप्लाय आणि बोर्ड यांच्यामधल्या पोकळीत उभा दडवा. कार्डाला नवा १६ पिनांचा कनेक्टर असेल तर त्यापासून ३५ मिमीपर्यंत वायर वाकवू नका, आणि पॅनल तिच्यावर दाबत नाही ना ते बघा.

पंखा: सेमी-पॅसिव्ह, म्हणजे हलक्या लोडला पंखा बंद ठेवणाऱ्या, सप्लायचा पंखा ठरावीक लोड किंवा आतलं तापमान ओलांडलं की सुरू होतो, आणि तुमचा लोड नेमका त्या रेषेवर खालीवर होतोय. वॉट उतरवल्यावर कदाचित आपोआप थांबेल. सप्लायवर हायब्रिड मोडचं बटण असेल तर ते बंद करून बघा, पंखा कमी वेगाने सतत फिरेल, तो 'टिक'पेक्षा बरा. सप्लायचा पंखा बाहेरच्या पॅनलकडे तोंड करून बसवलाय ना? आतल्या बाजूला असेल तर तो कार्डाची गरम हवा पितोय, उलटा करा. सप्लाय उघडून पंखा बदलायच्या फंदात पडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहतो.

---

वॉटमोजणी

एक राहिलं. बायोसला हात लावलाच आहे तर रायझरचा स्लॉट 'ऑटो'वर ठेवू नका. रायझर पीसीआय-ई ४ चा (कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या जोडणीच्या चौथ्या पिढीचा) आहे का ते बघा. जुना, तिसऱ्या पिढीचा असेल तर 'ऑटो'मध्ये कार्ड चौथ्या पिढीच्या वेगाने बोलायचा प्रयत्न करतं. मग स्क्रीन काळी पडते किंवा विंडोजच्या नोंदींत एकामागून एक डब्ल्यूएचईए, म्हणजे हार्डवेअरच्या, चुका साचतात, आणि दोष बिचाऱ्या अंडरव्होल्टवर जातो. असा जुना रायझर असेल तर 'जेन ३' (तिसरी पिढी) पक्कं करा, ४०७० ला सोळा लेनवर त्याने फारसा फरक पडत नाही. हे आधी करा, कर्व्ह ऑप्टिमायझर नंतर. दोन्ही एकाच दिवशी बदललं तर कशाने अडकलं ते शोधत बसाल.